ठाणें गॅझेटियर आणि कल्याण तालुक्याचा नित्य कारभार

ठाणें जिल्ह्याविषयीं कांहीं लिहावयास बसलेला मनुष्य, मग तो देवळांचा अभ्यासक असो, किल्ल्यांचा असो वा वतनांचा असो, प्रथम उघडतो तें जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखालीं १८८२ सालीं निघालेलें ठाणें गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेंतील तेरावा खंड दोन भागांत असून चवदाव्या खंडांत जिल्ह्यांतील स्थळांचें वर्णन आहे. पुढें शंभर वर्षांनीं, १९८२ सालीं, महाराष्ट्र सरकारनें याच जिल्ह्याचें सुधारलेलें गॅझेटियर प्रसिद्ध केलें. या दोन्ही ग्रंथांची स्तुति आजवर पुष्कळ झाली आहे व ती बह्वंशीं योग्यहि आहे. आम्हांस त्यांची परीक्षा एकाच प्रश्नापुरती करावयाची आहे. या जिल्ह्याचा कारभार रोजच्या रोज कसा चाले, हें त्यांवरून कळतें काय? राज्य कोणाचें होतें, सुभेदार कोण होता, सारा किती बसला, हें नव्हे. तर सकाळीं कचेरी उघडल्यापासून सायंकाळीं दफ्तर बांधीपर्यंत कोण काय लिही, तें कोण तपाशी, आणि त्या लिहिण्यानें कोणाच्या घरादाराचें काय होई, हें.

प्रश्न मोठा व जिल्हा त्याहून मोठा. म्हणून दृष्टि एकाच पट्ट्यावर ठेवितों. उल्हास नदी व तिला मिळणारी वालधुनी यांच्या कांठचा, कल्याणच्या आग्नेयेस पसरलेला हा मुलूख १८८२ सालीं कल्याण तालुका म्हणून एका मामलेदाराच्या हाताखालीं होता. आज त्यांतूनच उल्हासनगर व अंबरनाथ असे दोन निराळे तालुके निघाले असून बदलापूर हें अंबरनाथ तालुक्यांत पडतें. २०११ च्या खानेसुमारींत उल्हासनगरांत ५,०६,०९८, अंबरनाथांत २,५३,४७५ व कुळगांव-बदलापुरांत १,७४,२२६ माणसें मोजलीं गेलीं. भाताच्या खाचरांवर इतकी वस्ती चढली, ती प्रत्येक वेळीं कोठें तरी एखाद्या वहींत नोंद होऊनच चढली; किंवा नोंद न होतां चढली व त्याचा जाच मागाहून सर्वांस झाला. कारभाराचा इतिहास पाहावयास याहून बरा टापू सांपडणें कठीण.

प्रथम जुन्या ग्रंथाचा गुण सांगितला पाहिजे. त्यांतील जमाबंदीचें प्रकरण वाचणाराच्या लक्षांत येईल कीं, तळटीपांत सरकारी रेव्हेन्यू दफ्तराचा कोणता खंड, कोणत्या अधिकाऱ्याचें कोणतें पत्र, हें दिलेलें असतें. विधान पटलें नाहीं तर मुळाकडे जातां येतें. शिवाय जे शब्द आज कोणाच्या तोंडीं उरले नाहींत ते त्या पानांत अर्थासह टिकून आहेत. जमीन न मोजतां तुकड्यावर ठोकळ आकार बसविण्याची धेप व हुंडाबंदी; स्वतः नांगर न धरणाऱ्या वर्गास साऱ्यांत मिळणारी पांढरपेशा सवलत; खाडीकांठीं बांध घालून पिकाखालीं आणलेल्या जमिनीचा शिलोत्री हक्क; वतनदारांकडील इजाफत गांवें. इतका संग्रह एके ठिकाणीं मिळतो म्हणून आम्हीहि त्या ग्रंथाचे ऋणी आहों. त्याच्यामागून आलेल्या पुष्कळ मराठी लेखकांनीं मजकूर घेतला आणि तळटीपा गाळल्या, हा दोष कॅम्बेलच्या माथीं मारतां येणार नाहीं.

दोष आहे तो ग्रंथाच्या दृष्टींत. तो नव्यानें जिल्ह्यांत येणाऱ्या अधिकाऱ्यासाठीं रचलेला आहे. त्या अधिकाऱ्याला दर कळावा, हुद्दा कळावा, कोणाचा हक्क कोठपर्यंत हें कळावें, एवढा हेतु. कागद कसा चालतो हें त्याला त्याचा शिरस्तेदार सांगणारच होता, म्हणून तें छापावयाचें कारण नव्हतें. आज शिरस्तेदार उरला नाहीं आणि ग्रंथ उरला, त्यामुळें ग्रंथांत जें नाहीं तें नव्हतेंच अशी समजूत पसरली आहे.

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखाचें उदाहरण घ्या. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचिला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असल्याचें दाखविलें, आणि शिलाहार राजा मामवाणि ऊर्फ मुम्मुणि याच्या कारकीर्दींत, इ. स. १०६० मध्यें, तो कोरला गेला हें ठरलें. १९७७ सालीं महामहोपाध्याय मिराशी यांच्या शिलाहार लेखसंग्रहांत तो पुन्हां संपादित झाला. एका आंकड्यानें दोनशें वर्षें पुढें-मागें होतात, तेव्हां त्या आंकड्यावर विद्वानांनीं केलेले श्रम सार्थच होत. परंतु त्याच लेखांत महामात्य, सांधिविग्रहिक, भांडागाराचे अधिकारी अशी राजाच्या कामगारांची मालिका नांवानिशीं आलेली आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत राष्ट्रपति, विषयपति, नगरपति, ग्रामपति यांस उद्देशून आज्ञा असते. गॅझेटियरनें या सर्वांवरून शिलाहारांच्या राज्ययंत्राचा एक नेटका परिच्छेद केला: वर राजा, त्याखालीं मंत्री, त्याखालीं देश, विषय, नगर व ग्राम यांचे प्रमुख. पुढील बहुतेक लेखकांनीं तोच परिच्छेद भाषांतरून घेतला.

हुद्द्यांची उतरंड म्हणजे कारभार नव्हे. देवालयाच्या बांधणीच्या लेखांत खजिन्याच्या अधिकाऱ्यांचीं नांवें कां यावींत, हा खरा विचारावयाचा प्रश्न आहे. खर्च त्यांच्या हातून पडला म्हणून? कीं पुढें हिशेब मागितला जाईल तेव्हां जबाबदार कोण, हें दगडावर राहावें म्हणून? ग्रामपतीला आज्ञा पोंचल्यावर त्यानें ती कोठें लिहून ठेविली? उत्तरें अनुमानाचींच असतील. परंतु प्रश्न विचारला तर ताम्रपटांतील सीमा, साक्षी व लेखक यांचे उल्लेख नुसते उपचार न वाटतां कारभाराचे अवयव वाटूं लागतात. यादी करून प्रकरण मिटविलें कीं तेवढाहि लाभ होत नाहीं.

मराठी अमलाविषयीं गॅझेटियरचा दोष अधिक गंभीर आहे. १६५७ त शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतलें व आबाजी सोनदेव यांच्याकडे तेथील सुभा आला. पेशवाईंत रामाजी महादेव बिवलकर यांच्यासारखा कर्ता सरसुभेदार येथें होऊन गेला. १७८० त इंग्रजांनीं कल्याण घेतलें, साल्बाईच्या १७८२ च्या तहानें तें परत आलें, आणि १८१७-१८ त कायमचें गेलें. हा सांगाडा ग्रंथांत नीट आहे. पण त्या काळचा कारभार कसा होता हें सांगतांना ग्रंथकार १८१८ नंतर आलेल्या कलेक्टरांच्या अहवालांवर विसंबतो. त्या गृहस्थांनीं पाहिली ती दुसऱ्या बाजीरावाच्या मक्त्यांची पडझड. वैशाखांत विहिरीचा तळ पाहून श्रावणांत तिला पाणी किती असे हें ठरवावें, तसा हा प्रकार झाला. मक्तेदारांनीं रयत नाडली हें खोटें नाहीं. पण प्रांत कल्याण-भिवंडीचें त्यापूर्वींचें दफ्तर त्या विधानाखालीं गाडलें गेलें.

तें दफ्तर काय सांगतें? मामलेदार मोठा खरा, परंतु त्याच्या कचेरींतील दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस इत्यादि दरकदार हुजुरांतून नेमलेले असत व त्यांस दूर करणें मामलेदाराच्या हातीं नसे. मुजुमदारानें पाहिल्यावांचून हिशेब फडणिसाकडे जात नसे. फडणीस कागदावर तारीख घाली व रोजकीर्द लिही. वसुलाची नोंद पोतनिसाकडे, नाण्याची पारख पोतदाराकडे. वर्षारंभीं प्रांताचा अजमास होई, हुजुरांतून बेहडा येई, वर्षाअखेर ताळेबंद जाई. ज्याच्या हातांत पैसा त्याच्या हातांत लेखणी नसावी आणि ज्याच्या हातांत लेखणी त्याच्या हातांत तारीख नसावी, असा या रचनेचा रोख दिसतो. ती नेहमीं पाळली गेली असें कोण म्हणेल? पण मोडली कोठें हें कळावयास आधीं ती होती हें ठाऊक पाहिजे. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालापासून डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्या १९२३ च्या ग्रंथापर्यंत हुद्द्यांचें हें वर्णन आहेच. उणीव आहे ती एका प्रांताचें एक वर्ष घेऊन हें यंत्र चालतांना दाखविण्याची.

येथें दोष एकट्या इंग्रजांवर घालून आम्हांस सुटतां येत नाहीं. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत प्रांत अजमास, घडणी, रोजकीर्द असे रुमालच्या रुमाल आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजकीर्दींतून उतारे काढिले, ते १९०५ पासून छापून निघाले. उपकार थोर, पण छापतांना उतारे विषयवार लाविले गेले. एका दिवसाच्या पानावर पागेची वैरण, देवस्थानाची नेमणूक, वतनाचा तंटा, गुन्हेगारी व गांवची सूट एकामागून एक येत होतीं. तीं उचलून निरनिराळ्या प्रकरणांत वांटलीं गेलीं. विषय कळला, दिवस नाहींसा झाला. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दफ्तराचे ४५ भाग काढिले, ते मुख्यतः राजकारणाचे. आणि खासगी संग्राहकांची आवड तर सर्वांस ठाऊक आहे. शिक्क्याची सनद, मोर्तब असलेलें पत्र, थोराच्या हातची ओळ असली कीं कागद काचेंत जातो. झाडा, तेरीज, लावणीपत्रक असलें कीं तोच संग्राहक तो कागद सनदेच्या पाठीला लावावयास वापरतो. असे पाठीला लाविलेले कागद आम्हीं पाहिले आहेत. कित्येकदां पाठ पोटापेक्षां बोलकी होती.

जुन्या विभागांची एक खूण नित्याच्या कागदांत अजून जिवंत आहे, ती वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. बदलापुराच्या पुढें लागणारा कर्जत तालुका १८८२ सालीं ठाणें जिल्ह्यांत होता, आज तो रायगडांत मोडतो. तेथें दहिवली नांवाचीं दोन गांवें असून एक दहिवली तर्फ नीड व दुसरें दहिवली तर्फ वरेडी असें लिहितात. तर्फेचा अंमलदार गेला, तर्फ गेली. दोन दहिवल्यांचा घोटाळा होऊं नये एवढ्या गरजेपुरता तो शब्द महसुली वहींत राहिला. बदलापुराविषयीं मात्र घोडे बदलण्याच्या जागेवरून तें नांव पडलें ही एकच गोष्ट लेखांतून लेखांत फिरते. गोष्ट सांगावयास गोड आहे. परंतु गांवाचें नांव ज्या वह्यांत शेंकडों वेळां येतें त्या उघडण्याचे श्रम तिच्यामुळें वांचतात, ही तिची खरी लोकप्रियता असावी.

इंग्रजी अमलांतील कारभाराकडे वळूं. गॅझेटियर निघालें तेव्हां १८७४ चा वतनाचा कायदा व १८७९ चा जमीनमहसुलाचा कायदा नुकतेच झाले होते. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणून त्याची वार्ता १८८२ च्या ग्रंथांत असणें शक्य नव्हतें. या पुढल्या काळासाठीं ज्याला खरा आधारग्रंथ म्हणावें तें पुस्तक इतिहासकारांच्या कपाटांत बहुधा नसतें. तें म्हणजे अँडरसन नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें गांव, तालुका व जिल्हा यांच्या महसुली हिशेबांविषयीं लिहिलेलें मॅन्युअल. कारकून मंडळी त्याला नुसतें अँडरसन म्हणतात. भाषा रुक्ष, मांडणी नमुन्यांची. वाङ्मयगुण शोधणाऱ्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये. तरी आमचें मत असें कीं, जिल्ह्याचा कारभार रोज कसा चालतो हें दाखविण्यांत दोन्ही गॅझेटियरें मिळून जें साधत नाहींत तें हें एक पुस्तक साधतें.

जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली असें समजा. खबर तलाठ्याकडे येते. तो ती गांव नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफाराच्या वहींत, लिहितो आणि संबंधितांस नोटीस देतो. हरकत घेण्यास पंधरा दिवस. तोंवर सातबाराच्या उताऱ्यावर नवें नांव हातवहीच्या काळांत शिसपेन्सिलीनें लिहून ठेवीत. मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित केली म्हणजे तेंच शाईनें पक्कें होई. पिकाची हकीकत नमुना १२ त, खातेदाराचा गोषवारा ८-अ मध्यें, सरकारी जमिनीवरील अतिक्रमण १-ई मध्यें. एक वही दुसरीची साक्ष देते. आतां मुजुमदार व फडणीस यांची जोडी आठवावी. लिहिणारा एक, पक्कें करणारा दुसरा, मधल्या दिवसांत बोलावयास रयतेला जागा: हा धागा मराठी कचेरींतून इंग्रजी कचेरींत सरळ आला असें म्हणण्याइतका पुरावा आम्ही मांडीत नाहीं, परंतु दोहोंची तुलना करण्याजोगी सामग्री एकट्या कल्याण तालुक्याच्या कागदांत मिळण्यासारखी आहे, आणि ती तुलना करणें हें १९८२ च्या ग्रंथाचें काम होतें.

तें त्यानें केलें नाहीं. राज्यकारभार, महसूल, न्याय, इतर खातीं, स्थानिक स्वराज्य अशीं प्रकरणें त्यांत ओळीनें आहेत. कोणत्या खात्याचा प्रमुख कोण, त्याच्या हाताखालीं किती माणसें, त्याचीं कर्तव्यें कोणतीं हें शासकीय पत्रकाच्या भाषेंत येतें. १९६१ च्या कायद्यानें जिल्हापरिषदा झाल्या व १ मे १९६२ पासून कामास लागल्या. त्यापूर्वीं जिल्हा लोकल बोर्डें होतीं. हा केवढा पालट! शाळामास्तराची बदली, रस्त्याची खडी, गुरांचा दवाखाना हीं कामें कलेक्टरच्या छायेंतून निघून निवडून आलेल्या सभासदांच्या हातीं गेलीं. पण लोकल बोर्डाच्या ठरावबुकांतून जिल्हापरिषदेच्या ठरावबुकांत काय उतरलें, कोणतें काम अडलें, पंचायतसमितीच्या बैठकींत कशावर वाद झाला, याचा एकहि नमुना ग्रंथकारांनीं दिला नाहीं. जुना ग्रंथ निदान पत्राचा दाखला देई. नवा कायद्याचें कलम देतो. कलमावरून कारभार काढणें म्हणजे पंचांगावरून पाऊस मोजणें होय. नगरपालिकांच्या उत्पन्नखर्चाचे आंकडे दिले आहेत ते उपयोगी आहेत हें खरें. पण पुस्तक छापून वर्ष लोटतें न लोटतें तोंच १९८३ सालीं अंबरनाथ व बदलापूर कल्याण महापालिकेंत ओढलीं गेलीं, आणि १९९२ त पुन्हां बाहेर पडलीं. त्या नऊ वर्षांत दोन गांवांच्या घरपट्टीच्या वह्या कोठून कोठें गेल्या व परत किती आल्या, हें ठाऊक असलेला कारकून भेटला तर त्याची जबानी लिहून घ्यावी. कोणत्याहि गॅझेटियरपेक्षां ती मोलाची ठरेल.

उल्हासनगराच्या बाबतींत हा दोष नुसता अभ्यासाचा राहत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी बसली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधांतून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस त्या बराकींत उतरविण्यांत आलें, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. पांच कॅम्प, त्यांतील बराक, बराकींतील खोली: हाच तेथील पत्ता झाला, आणि लोक अद्याप कॅम्पच्या नंबरानेंच ठिकाण सांगतात. ज्या माणसांचीं घरें, शेतें, दुकानें मागें राहिलीं त्यांच्याजवळ बहुधा कागद तेवढेच होते. पुष्कळांजवळ तेहि नव्हते. १९५० च्या कायद्यानें त्यांचे दावे तपासले गेले, १९५४ च्या नुकसानभरपाई व पुनर्वसनाच्या कायद्यानें मोबदला ठरला, आणि उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरींतून त्यांस जागेच्या सनदा मिळाल्या.

या ठिकाणीं सनद हा शब्द ऐकून आमच्या संग्राहक मित्रांनीं कान टवकारावे. शिवकालीन वा पेशवेकालीन सनदेवर ज्या कसोट्या आपण लावतों त्या सर्व येथें लागू आहेत, आणि दांव फार मोठा आहे. शिक्का खरा कीं खोटा, सही कोणाची, नक्कल कोणत्या वहींत, मूळ दावा कोठें, हे प्रश्न या शहरांत कोर्टकचेऱ्यांतून विचारले जातात, कारण त्यांवर घर राहतें किंवा जातें. सर्व्हे नंबराच्या जागीं बराक नंबर आला, बराक नंबरावरून पुढें शीट नंबर आला. एका क्रमांकाचा दुसऱ्याशीं मेळ घालणारे कागद ज्या क्रमानें झाले तो क्रम लागला नाहीं तर कोणाचीहि मालकी निर्वेध ठरत नाहीं. शेवटीं शहरांतील विनापरवाना बांधकामें नियमित करण्यासाठीं २००६ सालीं एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. एका शहरास स्वतंत्र कायदा लागावा इतका जेथें कागद थकला, तेथें तो कसा थकला हें सांगणारें प्रकरण जिल्ह्याच्या गॅझेटियरांत असावयास हवें होतें. त्याऐवजीं निर्वासितांच्या उद्यमशीलतेची प्रशंसा वाचावयास मिळते. ती खरी आहे, पण ती कोणीहि केली असती.

आणखी एक गोष्ट, जी दोन्ही ग्रंथांच्या मधल्या फटींत पडली. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. १८७९ चा महसुली कायदा जसा कल्याणास तसाच तिकडेहि चाले. येथें मामलेदार तेथें मुख्त्यारकार, येथें तलाठी तेथें तपेदार. म्हणजे हैदराबादेहून वा लारकान्याहून कल्याण छावणींत येऊन पडलेला खातेदार परक्या कारभारांत आला नव्हता; ज्या इलाख्याच्या एका टोंकाच्या वहींत त्याचें नांव होतें त्याच इलाख्याच्या दुसऱ्या टोंकाच्या वहींत तें आतां चढावयाचें होतें. दावे मांडतांना या लोकांनीं कोणते उतारे पुढें केले, येथील कचेरीनें ते कसे वाचले, अरबी लिपींतील सिंधी कागदाचें मराठी वा इंग्रजी टांचण कोणीं केलें, हा विषय मोडी जाणणाऱ्यास व सिंधी जाणणाऱ्यास मिळून करण्यासारखा आहे. त्या पिढींतील माणसें आतां फार थोडीं उरलीं.

नित्याच्या कागदांस एकाएकीं किती किंमत येते याचें ताजें उदाहरण २०२३ सालचें. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि महसुली वह्या, शाळांचीं रजिस्टरें, जन्ममृत्यूचीं कोतवाल बुकें असे जे कागद कोणी विचारीत नव्हतें ते जिल्ह्याजिल्ह्यांतून बाहेर काढिले गेले. मोडी वाचणाऱ्यांस कचेऱ्यांतून बोलावणीं आलीं. राजकीय वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. पण त्या शोधांत एक गोष्ट सर्वांस दिसली ती ही कीं, एका गांवचें कोतवाल बुक सलग उरलें आहे व शेजारच्या गांवचें एकहि पान नाहीं, आणि हा भेद बहुतांशीं एखाद्या कारकुनाच्या काळजीवर वा वाळवीच्या कृपेवर ठरलेला आहे.

सरकारी कचेरींत कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत लावितात. अ कायमचा, ब तीस वर्षांचा, ड एका वर्षाचा. कामाच्या सोयीला ही रीत चांगली आहे व तिच्यावांचून कचेरी गुदमरेल. परंतु कारभार रोज कसा चालतो हें ज्यांत दिसतें ते कागद, म्हणजे कार्यविवरणाच्या वह्या, टिप्पण्या, नोटिसांच्या पोंचा, प्रायः खालच्या वर्गांत पडतात. सातबारा संगणकांत गेल्यापासून हातवह्यांकडे पाहण्याची दृष्टिहि बदलली आहे. पडद्यावर उतारा मिळतो, मग कपाट कशाला अडवावें, असें बोललें जातें. पडद्यावर शिसपेन्सिलीची ओळ मिळत नाहीं, खोडलेलें नांव मिळत नाहीं, हरकत घेणाऱ्याच्या अंगठ्याची निशाणीहि मिळत नाहीं.

आमची सूचना मोठी नाहीं. कुळगांव, बदलापूर अथवा अंबरनाथच्या आसपासचें कोणतेंहि एक गांव घ्यावें, आणि त्याचें एकच वर्ष घ्यावें. पेशवाईंतील मिळाल्यास उत्तम, नाहीं तर बंदोबस्ताच्या पहिल्या मोजणीचें, तेंहि नाहीं तर १९५७ चें, जेव्हां १ एप्रिलच्या कृषकदिनापासून कुळें जमिनीचीं मालक ठरूं लागलीं. त्या वर्षाचे झाडून सारे कागद तारखेच्या क्रमानें, निवड न करतां, विषय न पाडतां छापावे. कंटाळवाणें होईल. वाडांच्या उताऱ्यांत जो दिवस हरवला तो अशानें परत मिळेल. कल्याण तालुक्यांतील देशमुख, कुलकर्णी, पाटील यांच्या घरचे रुमाल ज्यांच्या संग्रहीं आहेत, किंवा उल्हासनगरांतील ज्या कुटुंबांकडे दाव्यांचे व सनदांचे जुने कागद आहेत, त्यांनीं मूळ कागद कोणाच्या हवालीं करूं नयेत. नकला कराव्या, प्रत्येक नकलेवर मूळ कागदाची लांबी-रुंदी, कागदाची जात, शिक्के व पाठीवरील मजकूर नोंदवावा, आणि सनदेच्या पाठीला जो कागद चिकटविला असेल त्याची नक्कल आधीं करावी.